कांद्याचा पापुद्रा

सून कांदा चिरायला बसली, की त्या उग्र वासानं मला वऱ्हाड मध्यप्रांतात असतानाची अमरावतीतली एक दुपार आठवते. आईला पेशी दाखवायच्या म्हणून मी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक मागून आणला होता आणि काचेखाली ठेवायला कांदा. आमचं घर भिक्षुकाचं, त्यात चातुर्मास. आई उंबऱ्यातच थबकली. “कांदा नको रे घरात. जास्वंदीची पाकळी नाही चालत काय? मले पाह्यचं आहे न!” पाकळी चालली असती. पण पुस्तकात कांदा होता. “तुला नाही कळायचं,” म्हणून मी फणकाऱ्यानं यंत्र परत नेलं. परीक्षेत ‘सारे सजीव पेशींचेच बनलेले असतात’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. जास्वंद दारातच होती, आईही पुढे वीस वर्षं होती. दाखवलं मात्र मी कधीच नाही.