दुपट्ट्याखालची बटणं

तानबाच्या गळ्याला भोक आहे आणि तो त्यातूनच श्वास घेतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने आधी घसा खाल्ला, उरलेला आवाज डॉक्टरांनी कापून नेला. तळेगावच्या बैलबाजारात या माणसाची हाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. ऑपरेशन झालं तेव्हा लोक म्हणाले, दलाल संपला. लोकांचं काय जातं म्हणायला!

बैलाचा सौदा तोंडाने होतच नाही. दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढतो, त्याखाली समोरच्याचा हात धरतो आणि बोटांनी भाव बोलतो. भोवती अख्खं गाव उभं राहिलं तरी कोणाला पत्ता लागत नाही. जमलं तर मूठ आवळायची. मोडलं तर समोरच्याची बोटं उलटी दुमडून सोडायची आणि दुपट्टा झटकून खांद्यावर टाकायचा. मोडलेल्या सौद्याचं कारण कोणी विचारत नाही आणि रागही धरत नाही. तेव्हा तानबाचा धंदा टिकला. बोलणं मात्र गेलं.

ते बोलणं मयुरीने परत आणलं. मयुरी त्याची एकुलती एक लेक. बापाच्या गळ्यातली नळी साफ करता करता हिने ठरवून टाकलं की आपण नर्सच व्हायचं, आणि वर्ध्याला जाऊन नाव घातलं. तिने कुठून तरी एक जुना फोन आणला. वर पडदा, खाली बटणं, प्रत्येक अक्षराला एकेक. इंग्रजी अक्षरांत मराठी कसं लिहायचं तेही तिनेच शिकवलं. तानबा चौथी शिकलेला, पण बोटं हुशार. थोड्याच दिवसांत तो फोन दुपट्ट्याखाली धरून, बटणं नुसती चाचपून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत लिहू लागला. लिहून झालं की दुपट्टा बाजूला करून दाखवायचा. भांडणसुद्धा करायचा तसंच. जयवंता, त्याची बायको, म्हणायची, "आवाज होता तवा एवढे नाई बोलत होते!"

तो फोन बैलांच्या हौदात पडला. वाळवला, तांदळात ठेवला, देवापुढेही ठेवून झाला. बटणं मेली ती मेलीच. दुकानदार म्हणाला, असे फोन आता कोणी बनवतच नाही.

मग जयवंताच्या भावाने, कैलासने, मोठ्या मनाने नवा फोन आणून दिला. नुसती काच. "भाऊजी, यात टाइप करायचंबी काम नाई. बोललं का आपोआप उमटते," असं तो बोलून गेला आणि मग तानबाच्या गळ्याकडे बघून त्याने जीभ चावली. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही.

त्या काचेने तानबाला दुसऱ्यांदा मुकं केलं. दावी ओढून ओढून त्याच्या बोटांची कातडी जाड झालेली. तो दाबायचा आणि काचेला वाटायचं कोणी शिवलंच नाही. जोराने दाबलं की भलतंच काही उघडायचं. बटणाला कड असते, बोटाला घर सापडतं. इथे सगळं सपाट. खाली बघून एकेक अक्षर शोधावं लागे, आणि तो मान वर करी तोवर बोलणं पुढे निघून गेलेलं असे. घरात आता त्याला काही विचारायचं लोक विसरूच लागले.

नेमकं तेव्हाच केळझरकडचं स्थळ आलं. मुलाचे वडील लक्ष्मणराव. शेती बरी, घर मोठं, तानबाच्याच हातून बैल नेलेले. त्यांची एकच अट, सून घरात पाहिजे, शिक्षण आता पुरे. जयवंताला स्थळ सोडवेना. तिचंही चुकत नव्हतं. नवऱ्याच्या गळ्याकडे बघून तिला झोप लागत नसे. "उद्या यायले काई झालं तं पोरीचं कोण पाहीन?" ती म्हणे. मयुरी रडली, भांडली, आईने ऐकलं नाही, मामाने तर नाहीच नाही.

पाहुणे यायच्या सकाळी मयुरी गोठ्यात आली. "बाबा, एकच वर्ष राह्यलं माह्यं. मले नाई करायचं हे लगन. तुमी नाई म्हनजा. तुमच्या नाईपुढं मामाबी काई म्हननार नाई." तानबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आज नुसतं पाहणं आहे, पाहुणे गेले की निवांत बसून निरोप लिहू, असा त्याचा हिशेब होता.

पाहणं झालं. पोहे झाले, चहा झाला. लक्ष्मणराव खूश झाले आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय. मंग उशीर काऊन? आजच कुंकू लावून टाकू." कैलासने टाळीच वाजवली. जयवंताने देवघरातून करंडा आणला. लक्ष्मणराव रीतीप्रमाणे पोरीच्या बापाकडे वळले. "बोला तानबाजी, तुमचं काय म्हननं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. दाराशी पदर धरून उभी असलेली मयुरीही बघत होती.

तानबाने फोन काढला. फोनने अंगठा मागितला. अंगठ्यावर रेषा उरल्या असतील तर त्याला पटणार! त्याने पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा नाही. आकडे दाबायला गेला, घामाने बोट घसरलं. त्याने जोरजोराने नाही नाही अशी मान हलवली. लक्ष्मणरावांना तो गहिवर वाटला. "बापाचं काळीज हाय," ते म्हणाले, "जड जातेच." मान हलवता हलवता तानबाला खोकला आला, गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखी हवा सुटली. कोणीतरी पाणी आणलं. त्याने पाण्याचा पेला लोटला आणि हवेत बोटाने लिहून दाखवलं. कागद! पेन!

"भाऊजी म्हनते याद्याच करून टाका!" कैलास ओरडला. हसू उसळलं. लग्नाची यादी लिहायला खरोखरच कोणीतरी वही शोधू लागलं.

तानबाला ओरडायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हातात फोन होता, गावभर बोलता येईल असला महागाचा फोन, आणि त्यातून दोन अक्षरं निघत नव्हती. ती जुनी बटणं दुपट्ट्याखाली असती तर! मयुरीने मान खाली घातली. बाप बोलणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. जयवंताने बोट कुंकवात बुडवलं.

तेव्हा त्याने फोन खाली टाकला. खांद्यावरचा दुपट्टा ओढला, लक्ष्मणरावांचा हात धरला आणि दुपट्टा त्यावर पसरला. चार बोटं पकडून उलटी दुमडली, सोडली, आणि दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

लक्ष्मणराव बाजारातला माणूस. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चेहरा काळवंडला त्यांचा. ते उठले.

"काय झालं? काय म्हनलं त्याईनं?" कैलासने विचारलं.

"सौदा मोडला म्हनते." लक्ष्मणराव चप्पल शोधत होते. "पोरगी दाखवत होता का बैल, इचारा आपल्या भाऊजीले."

पाहुणे गेले. कैलासही त्यांच्या मागोमाग गेला. जयवंता कुंकवाचं बोट पदराला पुसत म्हणाली, "भर बैठकीत पोरीले बाजारात उभी केली तुमी. आता गावात काय तोंड दाखवू?" आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तानबाला सोसवेना. लग्न मोडलं होतं, लेकीने मागितलं ते त्याने दिलं होतं. पण दिलं ते कसं?

मयुरी येऊन त्याच्याजवळ बसली. डोळे कोरडे, नजर जमिनीवर. तिने पडलेला फोन उचलला, स्वतः उघडून त्याच्या हातात दिला.

तानबा लिहू लागला. तू बैल नाही, असं लिहायचं होतं. माफ कर, असं लिहायचं होतं. काच काही घेत नव्हती. तो दाबत राहिला. काचेवर टपकलेलं पाणी पुसून पुन्हा दाबत राहिला.

मयुरीने फोन काढून घेतला. त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि त्याखाली आपला हात सरकवला.

"सांगा," ती म्हणाली.

त्याने तिची बोटं धरली. त्या बोटांत सगळे भाव येत होते, जमलेला सौदा येत होता, मोडलेला येत होता. त्याला जे सांगायचं होतं ते तिथे कुठेच नव्हतं. तो तिची पाचही बोटं घट्ट धरून बसून राहिला.