आषाढात न फोडलेली भिंत

सयाजीला मी ओळखत होतो असं म्हणायची मला हिंमत होत नाही. आठ-नऊ वर्षं तो आमच्या राजाजीनगरच्या घरी नळ दुरुस्त करायला येत होता. पण त्याच्या बायकोचं नाव गोजराबाई, हे मला गेल्या वर्षी त्याच्या तेराव्याला गेलो तेव्हा कळलं. मुलं किती, हे तिथेही विचारायचं राहून गेलं.

मला ठाऊक आहे ते एवढंच. त्याचं मराठी आमच्यासारखंच, पिढ्यानपिढ्या बंगळुरात मुरलेलं; मापं मात्र तो कन्नडमध्ये पुटपुटायचा. स्वयंपाकघरात शिरण्याआधी अंगणातल्या नळावर पाय धुवायचा. हत्यारांच्या पिशवीत पारदर्शक नळीचं वेटोळं असे. तिच्यात पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघितल्याशिवाय तो कुठलाच पाईप बसवत नसे. नुसत्या नजरेवर त्याचा विश्वास नव्हता.

१९९४च्या आषाढात आम्ही नवं सिंक घेतलं. जुनं जेमतेम पाच इंच खोल होतं. कुकर धुताना माझ्या पत्नीच्या, अहल्येच्या, पदरावर पाणी उडायचं. आषाढात दुकानदार भाव उतरवतात म्हणून तेव्हाच घेतलं. स्टीलचं, चांगलं दहा इंच खोल. सयाजी ओट्याखाली वाकला, नळी लावून बघितली आणि म्हणाला की सिंकचा तळ खाली आला, पण भिंतीतलं सांडपाण्याचं भोक होतं तिथेच आहे. पाणी वर चढून जाणार नाही. भोक खाली घ्यायला हवं, आणि त्याबरोबर बाहेरचा पाईपही.

आमच्याकडे आषाढात घराला छिन्नी लावत नाहीत. मी तसं सांगितलं.

"सिंक घ्यायला आषाढ चालला, अण्णा," तो म्हणाला, "भिंतीनंच काय पाप केलं?"

अहल्या हसली. मला काही हसू आलं नाही. श्रावण लागला की फोडू, तोवर तात्पुरतं बसव, असा मी हट्ट धरला. त्याने दोनदा नको म्हटलं. शेवटी एक जाड रबरी नळी वळवून जोडून दिली.

"कुणी विचारलं तर तात्पुरतं आहे म्हणून सांगा हं, अण्णा. माझं नाव आहे त्यात."

हे तो उगीच म्हणाला नव्हता. समोर राहणारे सुधींद्र बनशंकरीला घर बांधत होते आणि तिथलं सगळं नळकाम सयाजीला द्यायचं त्यांच्या मनात होतं. जन्मभर गळके नळ बदलत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच एक अख्खं घर मिळणार होतं. अहल्येने दिलेली कॉफी पिताना तो त्याविषयीच बोलत होता. न्हाणीघरं किती, टाकी कुठे, सगळं त्याला पाठ होतं.

आठवड्याभराने सुधींद्र त्याचं काम बघायला आमच्याकडे आले. अहल्या देवळात गेली होती. सिंकच्या तळाशी बोटभर पाणी साचलेलं, त्यात भाताची शितं तरंगत होती.

"हे सयाजीचं काम?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. पण सुधींद्र इंजिनिअर. त्यांनी स्वतःच्या घराचा पाया आषाढातच घातला होता, आणि असल्या समजुतींची ते चारचौघांत टर उडवत. मला लाज वाटली. ते मान हलवून निघून गेले आणि काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं.

श्रावणात सयाजी फाटकाशी आला, भिंत कधी फोडायची ते विचारायला. घरी नाही म्हणून सांग, अशी मी अहल्येला आतून खूण केली. भाद्रपदात एका अनोळखी माणसाकडून भोक खाली घेतलं. सयाजी म्हणाला होता तेच तो म्हणाला, आणि मी जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशी मान डोलावली.

सुधींद्रांना मी खरं सांगितलं, पण ते सयाजी वारल्यावर. "असू द्या हो, घर तर केव्हाच बांधून झालं," ते म्हणाले.

सयाजी जाण्याच्या दोनेक महिने आधी मला बसथांब्यावर भेटला होता. वाळला होता. खांद्यावर तीच पिशवी. अहल्याअक्का बऱ्या आहेत ना, म्हणून त्याने चौकशी केली. सुधींद्रांचं काम माझ्यामुळे गेलं, हे आज सांगून टाकायचंच असं मी ठरवलं.

"सयाजी," मी म्हणालो.

"काय अण्णा?"

"काही नाही. कुठे निघालास?"

"यशवंतपूरला. एक नळ गळतोय. बस गेली का हो?"

"नाही. येईल आता."