भास्करभाऊंची उत्तरं

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ग्रुपात नाही.

आमचा दूधवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप — अ‍ॅडमिन मी, कोल्हारचा. लोक विचारतात, बाकीचे ग्रुप गुड मॉर्निंग अन् औषधांच्या जाहिरातीत बुडाले, तुमचाच कसा चालला हो? मी म्हणतो, शिस्त. कोणत्या तोंडानं म्हणतो, माझं मला ठाऊक.

ग्रुप चालला भास्करभाऊंमुळं. तिसगावकडचे, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, आता रिटायर. कुणाच्या गाईची कास सुजलेली असो, कुणाचं वासरू दूध तोंडात घेत नसो — धार काढून होईस्तोवर त्यांचं उत्तर आलेलं असायचं. माणसं त्यासाठीच ग्रुप उघडायची.

उत्तराआधी ते 'जय भीम' लिहायचे. बाकीचे 'राम राम' लिहायचे, तसंच. पण आमच्यातल्या चार-पाच बागायतदारांना ते टोचायला लागलं. मला परस्पर फोन — ह्याला आवरा, न्हाईतर आमी बाहेर पडतो. मग मी काय केलं? नियम काढला: नमस्कार-चमत्कार बंद, कामाचंच लिहा. दुसऱ्या दिवशी वीस 'राम राम' पडले, एकालाही हटकलं नाही. खाली भास्करभाऊंचं उत्तर आलं, नेहमीसारखं 'जय भीम' लिहून. त्यांना काढून टाकलं. नियम मोडला म्हणून.

भ्यालो? भ्यालोच. पण तेवढ्यावर भागलं असतं तर आज बोलत बसलो नसतो.

त्यांचा फोन आला तेव्हा म्हणालो, चुकून हात लागला भाऊ, घेतो परत. ग्रुपला सांगितलं, भाऊंनीच स्वतःहून काढायला लावलं. महिनाभरात ग्रुप थंड. प्रश्न यायचे, खाली कुणी काही लिहीना. नेमकी तेव्हा माझी गाय व्याली अन् तिचा जार आतच अडकला, वार पडेना. फोन कुणाला केला असेल मी? त्यांनाच — लाज सोडून. डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, सगळं त्यांनी सांगितलं. गाय वाचली. आणि ते मी जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं, माझं म्हणून. ढिगानं अंगठे आले. दुसऱ्या दिवशी तिघांनी मलाच प्रश्न विचारले.

तेव्हापासून असंच चाललंय. प्रश्न आला की मी भाऊंना फोन लावतो, उत्तर माझ्या नावावर जातं. लोक मला 'सर' म्हणतात. त्या बागायतदारांच्या गाईही भाऊंच्याच सांगण्यावर बऱ्या होतात — त्यांना ठाऊक नाही, मला आहे.

परवा घोडेगावच्या एका बाईची म्हैस व्यायल्यावर उठेना. भाऊंनी सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "ग्रुपवर घ्यायचं राहिलं बगा तुमचं. घरात बसून करमत न्हाई. कुनाच्या जनावराला काय झालं, काईच कळत न्हाई आता."

आज घेतो, म्हणालो. फोन ठेवला आणि त्यांचं सांगणं ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी म्हैस उठली. बाईनं लिहिलं, सर, तुम्ही देवमाणूस आहात. मी तिला जोडलेले हात पाठवले.