राजोडीच्या कुंपणावर जमलेली आघाडी

दिल्लीतली सरकारं वर्षभरही टिकत नव्हती, त्या दिवसांतली गोष्ट. वसईतल्या आमच्या छोट्या गावातही तेव्हा एक सरकार कोसळायच्या बेतात होतं...

सरपंचांची भानगड उघडी पडली होती. गावच्या नळाची एक जोडणी मातीखालून थेट त्यांच्या केळीच्या वाडीत गेलेली. केळी तरारलेल्या आणि बायका हंडे घेऊन विहिरीवर.

अविश्वास ठराव आला. नऊ सदस्यांत सहा मतं हवी होती. माझ्या गटात आम्ही चौघं, माझे जुने विरोधक नाना यांच्या गटात तिघं, सरपंच धरून पलीकडे दोघं. हिशेब सोपा होता... पण देवळासमोरच्या सभेत मी गरजलो होतो, की नानांच्या मांडीला मांडी लावून कधीही बसणार नाही. आणि ते मनापासून बोललो होतो.

आपली माणसं फुटू नयेत म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं राजोडीला, समुद्राकाठच्या एका बंगल्यावर गेलो. आमदारांची अशी सहल बसमधून निघते, आमची रिक्षातून निघाली.

दुपारी कुंपणापलीकडून ओळखीचा खोकला ऐकू आला. बघतो तर नाना.

"भाऊ, कुणापासून लपलायत?"

"तुमच्यापासून. आणि तुम्ही?"

"तुमच्यापासूनच की."

त्यांच्याकडे बोंबलाचं कालवण होतं, आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या. मी तत्त्वाचं काही बोलणार, तोवर आमच्याच गटातल्या कमळताई टोपली घेऊन निघाल्यासुद्धा. "तत्त्व काय नासत नाय भाऊ, भाकरी निवते."

जेवताना बोलणी सुरू झाली. उरलेली मुदत अर्धी-अर्धी वाटायची, इथवर जमलं. पहिला सरपंच कोणाचा, यावर अडलं. नाना हटेनात, मी तर हटणाऱ्यातला नव्हेच...

तेव्हा कमळताई म्हणाल्या, "तुम्ही वर्षं वाटून घ्या. माझी पोर रोज पहिला तास बुडवून पानी भरते. तिचं वर्ष कोन भरून देनार?"

मी हटलो. असं क्वचित होतं. मी म्हटलं, "नाना, पहिले तुम्ही. पण जोडणी पहिल्याच दिवशी तुटली पाहिजे."

ठराव सात मतांनी मंजूर झाला, जोडणी तुटली. पुढे प्रत्येक सभेत मी नानांशी कडाडून भांडलो आणि सभा संपली की त्यांच्याच शेजारी बसून चहा प्यायलो. काही लोक मला संधिसाधू म्हणाले... म्हणोत बापडे. एका सकाळी कमळताईंची पोर घंटेआधी शाळेकडे पळताना दिसली, आणि त्या एका सकाळपुरता माझ्याकडे विरोधाचा एकही मुद्दा उरला नाही.