बधिर बोटं आणि एक लढाऊ विमान

"जी.बी.एस. आहे. गियाँ-बारे सिंड्रोम," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, आणि पुढचं सगळं माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगू लागले. मी स्वतः डॉक्टर आहे, दातांची का होईना. पण खाटेवर आडव्या पडलेल्या माणसाशी कुणी थेट बोलत नाही, हे मला त्या सकाळी कळलं.

हे नाव मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेपुरतं. अर्थ असा, की एखाद्या साध्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि आपल्याच नसांवर तुटून पडते. हल्ला बहुधा पावलांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. माझ्या बाबतीत निमित्त झालं ते पोट बिघडण्याचं. पोट बरं झालं आणि थोड्या दिवसांनी तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. मी नव्या चपलांना दोष दिला. मग क्लिनिकमध्ये पेशंटच्या दातावर काम करताना ड्रिलचं पेडल पायाला लागेना. पाय पेडलवर आहे की जमिनीवर, ते खाली वाकून बघावं लागलं. तरी मी "दमणूक" म्हणत राहिले. शेवटी चेन्नईतल्या अण्णा नगरच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्यात गुडघेच गेले.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. अशक्तपणा दोन्ही पायांतून वर चढतोय असं वाटलं, तर माझ्यासारखं शहाणपण करू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.

तपासण्या तीन झाल्या. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला नाही. नर्व्ह कंडक्शन स्टडी म्हणजे नसांना विजेचे छोटे झटके देऊन संदेश किती वेगाने जातो ते बघणं. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढणं. दोन्हींनी डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरवलं.

आयसीयूमध्ये दर थोड्या वेळाने एक नर्स नळीत फुंकर मारायला लावायची. श्वासाचे स्नायू टिकताहेत का, ते त्यावरून कळतं. फुंकर कमी पडली तर व्हेंटिलेटर. माझी काठावर पास होत राहिली. शिरेतून आयव्हीआयजी चालू होतं. ते हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून वेगळं काढलेल्या प्रतिपिंडांचं औषध असतं. या सगळ्या कहाणीत ज्यांच्याविषयी मला एकही वाकडा शब्द सुचत नाही अशी माणसं म्हणजे ते रक्तदाते. कारण त्यांच्यापैकी कुणीही मला भेटायला आलं नाही.

बाकीचे आले. वॉर्डात हलवल्यावर तर रांगच लागली. प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी असं होतं, ज्याला अगदी हेच झालं होतं. जरा खोदून विचारलं की ते कंबरदुखीवर यायचं. एका बाईंनी मला "पॉझिटिव्ह विचार" करायला सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "क्लिनिक विकणार का?" एकांनी माझा हात हातात घेऊन डोळे मिटले. मला तो हात सोडवून घेता येत नव्हता, म्हणून ते बराच वेळ तसेच बसले. फुकटच्या करुणेइतकी स्वस्त वस्तू चेन्नईत दुसरी नाही.

घरी आले तेव्हा वॉकर धरून चार पावलं टाकता येत होती. पाय हळूहळू परतत होते. हात नाही. बोटांची टोकं कुणी जाड रबराने मढवल्यासारखी वाटत होती. चमचा पडायचा, बटण लागायचं नाही. "बोटं सगळ्यात शेवटी येतात," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. "सुधारणा वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते. पण दातांच्या कामाइतकी बारीक पकड येईल, असं वचन मी देणार नाही." या वेळी ते माझ्याकडे बघून बोलले. वाईट बातमी असली की बघतात.

रेवती नावाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी यायची. हातांना रोजची कामं पुन्हा शिकवणं हे तिचं काम. तिने माझ्यापुढे रंगीत माती आणि लाकडी खुंट्या ठेवल्या. खुंटी भोकात घाला, काढा, पुन्हा घाला. याच बोटांनी मी वर्षानुवर्षं दातांच्या मुळांतल्या केसाएवढ्या नळ्यांतून नसा काढल्या होत्या. मी खुंट्यांचा डबा टेबलावरून ढकलून दिला. नीट ढकलताही आला नाही.

त्याच आठवड्यात मुरली आला. मुरली माझा दीर, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी कोल्हापूरची. माझ्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची, म्हणून त्यांच्या मराठीत निम्मं तमिळ. मुरलीने काखेतलं सुटकेसएवढं खोकं टेबलावर ठेवलं. त्यावर ढगांतून झेपावणाऱ्या विमानाचं चित्र होतं, पंखांतून ज्वाला ओकणारं.

"हरिकेन, वैनी! दुसऱ्या महायुद्धातलं. एकास चोवीस स्केल, मॉडेलमध्ये हे मोठं."

"मग मी काय करू? बसून गोळ्या झाडू?"

"जोडायचं. इंजिनसकट सगळं आहे आत."

खोक्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटीच चौकटी होत्या, त्यांना शेकडो भाग चिकटलेले. वर वैमानिकाचा एक पुतळा, चेहरा वितळल्यासारखा. माणसं मारायचं यंत्र खेळण्यात आणून पोक्त पुरुषांना विकायचं, आणि त्यांनी त्याला छंद म्हणायचं. मी मुरलीला हे तोंडावर सांगितलं. तो हसला. त्या घरात माझ्या बोलण्याचं कुणाला काही वाटत नाही.

रेवतीने खोकं बघितलं आणि खुंट्या पिशवीत भरल्या. "मॅडम, तुम्हाला खुंट्यांचा राग येतो. आता या विमानाचा येऊ दे," ती तिच्या तमिळ-इंग्रजीत म्हणाली. "फक्त राग हातांनी काढा."

म्हणून मी सुरुवात केली. विमान कसं भिकार आहे ते सिद्ध करायला.

आधी सगळ्या चौकटी साबणाच्या पाण्यात धुवायच्या. साच्यातून सुटावं म्हणून प्लास्टिकला तेल लावलेलं असतं, ते गेलं नाही तर रंग धरत नाही. धुण्यातच माझी एक सकाळ गेली आणि खांदे भरून आले. मग छोट्या कटरने भाग कापायचा. कटर दाबायला अंगठा आणि तर्जनी लागते आणि माझी तर्जनी माझं ऐकत नव्हती. मी कटर मुठीत धरून दाबलं. वैमानिकाच्या खुर्चीचा पाय तुटून सोफ्याखाली गेला. मी खुर्चीला, कंपनीला आणि युद्ध सुरू करणाऱ्या सगळ्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

माहितीपत्रक तर अडाण्याने लिहिलेलं. आकडे चुकीचे, बाण भलतीकडे. इंटरनेटवरचे मॉडेलवाले देवघरात बसल्यासारख्या आवाजात बोलत होते. त्यांच्या कामातल्या फटी मला पडद्यावरून दिसायच्या. असलं फिलिंग मी नव्या डॉक्टरला उकरून काढायला लावलं असतं. रोज नवी नावं ठेवायला मिळायची. रोज जेवायच्या वेळेपर्यंत मी टेबलाशी असायचे.

एका दुपारी झोपून उठले आणि टेबलाशी आले, तर इंजिनचा अर्धा भाग जोडलेला होता. मी जोडला नव्हता. वर गोंदाचा ओघळ आणि त्यात अंगठ्याचा ठसा उमटलेला. हा गोंद प्लास्टिक वितळवून दोन तुकडे एकजीव करतो, त्यामुळे आता ते सुटणार नव्हतं.

राघव, माझा नवरा, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बँकेतून लवकर आला होता.

"हे तू केलंस?"

"थोडी मदत..."

"मी मागितली होती? मला भरवतोस, केस विंचरतोस, तेवढं पुरत नाही? हे एक काम माझं होतं, त्यातही तुझी दया?"

"दया नाही, सुमा."

"मग काय आहे?"

तो माझ्यापुढे येऊन बसला. "आयसीयूत तू नळीत फुंकायचीस," तो म्हणाला. "मी काचेपलीकडे उभा राहून फुंकायचो. तुझ्याबरोबर. वेड्यासारखा. तेव्हापासून तू काहीतरी करतेस आणि मी बघतो. डॉक्टर करतात, रेवती करते, मुरली खोकं आणतो. मी फक्त बघतो. मला काहीतरी जोडायचं होतं."

बोचरं असं बरंच काही माझ्या जिभेवर तयार होतं. त्यातलं एकही त्याला लागू पडेना. चांगली वीस वर्षं मी या माणसाला नेभळट म्हणत आले होते, आणि तो काचेपलीकडे श्वास मोजत उभा होता.

"इतका गोंद लावतात का?" मी म्हणाले. "दाताला लावला असतास तर पेशंट मेला असता."

"सरी, बरं. मग दाखव कसा लावायचा."

तेव्हापासून आम्ही दोघं बसू लागलो. त्याने कापायचं, मी घासायचं. त्याचे हात धडधाकट आणि अक्कल शून्य. त्याने शेपटीचा तुकडा उलटा लावला, खुर्चीला हिरव्याऐवजी काळा रंग दिला. मी त्याला जे जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. आजारपण सुरू झाल्यापासून मी इतकी मजेत नव्हते.

मग विमानाच्या धडाचे दोन भाग जोडायचा दिवस आला. आतली बैठक बसवून झाली होती. दोन्ही अंगं एकमेकांवर ठेवून कडेने गोंद लावायचा आणि धरेपर्यंत दाबून ठेवायचं. चार हातांचं काम. राघवने खालून धरलं, मी वरून. माझे तळवे दमले, पण सुटले नाहीत. बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी राघव अंघोळीला गेला होता. मी ते धड हातात घेतलं आणि सवयीने विमानाच्या पाठीवरून तर्जनी फिरवली. दातावर फिलिंग झालं की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कड हाताला लागते का बघायची, असं मी नव्या डॉक्टरांना शिकवायचे. वैमानिकाच्या जागेच्या मागे बोट अडलं. तिथे डावा भाग उजव्यापेक्षा किंचित उंच बसला होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"राघव!" मी ओरडले. "काय हे घाणेरडं जोडकाम! मागे पायरी राहिलीय!"

तो टॉवेल गुंडाळूनच धावत आला, ओला. चष्मा नव्हता. विमान डोळ्यांजवळ नेऊन त्याने उजेडात फिरवून बघितलं.

"कुठे? मला तर दिसत नाही."

"दिसत नाही रे, लागतेय. बोटाला लाग..."

 त्याने विमान माझ्या हातात परत दिलं. मी पुन्हा बोट फिरवलं. रबराच्या आतून, लांबून, पण नक्की, ती कड मला लागत होती. राघवने माझं ते बोट दोन्ही हातांत धरलं आणि तो ओल्या अंगाने तिथेच जमिनीवर बसला.

मी पुन्हा दात दुरुस्त करीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. डॉक्टर वचन देत नाहीत आणि आता मी मागत नाही. तुमच्यापैकी कुणी या आजारात अडकलं असेल, तर भेटायला येणाऱ्यांचं ऐकू नका. पण तुमच्याबरोबर फुंकर मारणारा एखादा असतो, त्याला काम द्या. चुकेल, गोंद सांडेल. देत राहा.

मी बारीक पॉलिश पेपर हातात घेतला आणि ती पायरी घासायला सुरुवात केली. "अंग पूस आधी," मी त्याला म्हणाले, "विमानावर पाणी पडतंय."