सातवं स्मरणपत्र

शेजारचे काका नागपूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे राहायला आले होते. आमच्या भाड्याच्या घरातला नळ गळत होता आणि एजंट फोन उचलत नव्हता.

"फोनची नोंद कुठं राहते, बाप्पा?" असं म्हणून काका माझ्या वतीनं त्याला स्मरणपत्रं लिहीत. प्रत्येकावर जावक क्रमांक घालत.

"काका, तुम्हालाच नळ दुरुस्त करता येतो ना?"

"येतो. पण सात स्मरणपत्रांआधी हात लावणं नियमात बसत नाही."

मलाही घाई नव्हती. थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून बायकोनं नळाला जुन्या साडीची चिंधी बांधली होती. ती वारल्यावरही मी चिंधी सोडली नव्हती. नळ दुरुस्त झाला की चिंधीही जाणार होती.

सातवं पत्र पेटीत टाकून काका पान्हा घेऊन आले. चिंधी सोडून त्यांनी खिशात ठेवली आणि वॉशर बदलला. गळती थांबली. मग खिशातली चिंधी काढून त्यांनी ती पुन्हा होती तशी बांधली.

"आता कशाला, काका?"

"तक्रार नळाची होती," चष्मा पुसत ते म्हणाले, "चिंधीची नव्हती."