सर्वांत जलद उत्तर

ऑफिसात आली की आत्या पर्स खाली ठेवायच्या आधी तिन्ही मशिनं बंद करायची आणि पुन्हा चालू करायची. कालची उत्तरं त्यांच्या डोक्यात राहिली तर आज ती फुकटची हुशार दिसतात, असं तिचं म्हणणं. "आधी विसरू दे त्यांना," ती म्हणायची.

खोलीची एकुलती एक खिडकी समोरच्या भिंतीकडे पाहायची. मशिनं तापू नयेत म्हणून एसी चाले, त्यामुळे तीही कायम लावलेली. तिथे इस्पितळांच्या नोंदी जोडायचं काम चाले. नोंदी ज्याच्या त्याच्याकडेच राहायच्या; सॉफ्टवेअर सगळ्यांच्या दारात जाऊन प्रश्न विचारायचं आणि इथला रुग्ण तो तिथलाच, हे जुळवायचं. निवडीला तीन सॉफ्टवेअर आली होती, एकेका मशिनवर एकेक. कोणतं झटपट, कोणतं चुकार, हे आत्याने पाहायचं.

माझी आतेबहीण दुसऱ्या शहरात, तिच्या मावशीकडे राहून शिकत होती. तिथल्या ऑफिसात एक जागा रिकामी होती आणि आत्याला तिथे बदली हवी होती. "निवड झाली की सोडलं तुला," असा साहेबांनी शब्द दिला होता.

दुसरं सॉफ्टवेअर सहज जिंकलं. आत्याने भांडीसुद्धा बांधायला घेतली. पण ते इतकं झटपट कसं, हे काही तिच्या मनातून जाईना. तिने एका इस्पितळाची लाइन मुद्दाम मंद केली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाकीची दोन ताटकळत बसली. हे थांबलंच नाही. ते इस्पितळ जगात नसल्यासारखं वगळून, उत्तर देऊन मोकळं झालं.

"सोयरीक जुळत आलीय बाई," साहेब म्हणाले, "आता कशाला नवरदेवात खोट काढतेस?"

"साहेब, तिथले पेशंट गळतात त्यात. आणि गळले हेसुद्धा सांगत नाही मेलं."

"मग तुझ्या बदलीचं?"

आत्याने तपासणीचा कागद पुढे ओढला. "गैरहजर असलेल्याला हजर कसं लिहू?"

त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने दुरुस्ती करून ते पुन्हा पाठवलं. एक बदललं की तिघांनाही पहिल्यापासून तपासायचं, हा नियम आत्यानेच घातलेला. तपासणी संपेपर्यंत तिकडची जागा भरली. मग चौथं सॉफ्टवेअर आलं. ते चालवायला तिच्याशिवाय कुणाला जमेना, म्हणून साहेबांनी बदलीचा विषयच बंद केला.

"ताई, घाण्याला बैल लागतोच," शेजारच्या टेबलावरचा कारकून हसत म्हणाला.

"हो, आणि बैलाला वाटतं आपण गावाला निघालोय," आत्याही हसली. बांधलेली भांडी तिने लागतील तशी एकेक बाहेर काढली.

मी शेवटची तिच्या ऑफिसात गेले तेव्हा मुलीचा फोन आला होता. या सुट्टीत तरी येशील का, असं ती विचारत होती. मागे मशिनं एकेक करून जागी होत होती.

"जेवलीस का? बरं, ठेवते गं. चालू झाली सगळी."